एकूण झीज की निव्वळ झीज? टोकामॅकच्या भिंतीचे दोन आकडे

टोकामॅक म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू (प्लाझ्मा) चुंबकीय क्षेत्रात कोंडून अणुसंमीलन घडवणारं यंत्र. त्याची आतली भिंत टाइलांनी मढवलेली असते. अशा एकाच टाइलच्या झिजेचे दोन आकडे दहा-वीस पटींनी वेगळे निघाले, तर लगेच कुणाची चूक शोधायला जाऊ नये. बहुधा एकाने एकूण झीज मोजलेली असते, दुसऱ्याने निव्वळ.

प्लाझ्मातल्या आयनांच्या (विद्युतभारित अणूंच्या) माऱ्याने भिंतीचे जेवढे अणू उडतात ती एकूण झीज. त्यातून परत येऊन बसलेले वजा केले की निव्वळ. टंगस्टन या जड धातूचे तर बहुतेक अणू परत येतात. अणू काही इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने सुटतो आणि डायव्हर्टरजवळच्या (प्लाझ्माची उष्णता आणि कचरा झेलणाऱ्या भागाजवळच्या) दाट प्लाझ्मात मिलिमीटरभर जायच्या आतच आयन बनतो. 5 टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात त्याच्या घिरटीची त्रिज्या साधारण 1 मिलिमीटर. घिरटी पुरी होण्याआधीच तो टाइलवर आदळतो. भिंतीलगतचं विद्युतक्षेत्रही त्याला मागेच ओढतं. बेरिलियम आणि कार्बन हलके. त्यांचे अणू जास्त वेगाने सुटून दूरवर आयन बनतात, म्हणून ते असे हातोहात परतत नाहीत.

हिशेब करून पाहू. दर चौरस मीटरवर सेकंदाला 10²² आयन आदळले आणि दर दहा हजारांमागे एक टंगस्टन अणू उडाला, तर सेकंदाला 0.016 नॅनोमीटर जाडी जाते. सलग वर्षभर हेच चाललं तर अर्धा मिलिमीटर. त्यातले 95 टक्के परत बसले तर उरतात फक्त 25 मायक्रोमीटर. (इथे खरे दोषी इंधनातल्या ड्यूटेरियमचे, म्हणजे जड हायड्रोजनचे, आयन नव्हेत. टंगस्टन उडवायला त्यांना 200 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वर ऊर्जा लागते आणि थंड डायव्हर्टरमध्ये ती जेमतेम 25 भरते. उडवतात ते नायट्रोजन, निऑनसारखे जड आयन आणि प्लाझ्माच्या कडेवरचे स्फोट.)

मोजायची साधनंही वेगळी. स्पेक्ट्रोमीटर 400.9 नॅनोमीटरची टंगस्टन रेषा पाहतो. त्या प्रकाशावरून उडालेल्या अणूंचा अंदाज येतो, म्हणजे एकूण झीज. धातूच्या भिंतीवरून परावर्तित झालेला प्रकाश वजा करायचा राहिला, तर आकडा फुगतो. निव्वळ झिजेसाठी ज्ञात जाडीचा थर दिलेली टाइल प्रयोगांच्या मोहिमेआधी आणि नंतर आयन-किरणांनी तपासतात. नुसत्या वजनावर विसंबू नये: एका कडेने झिजलेली आणि दुसऱ्या कडेला थर चढलेली टाइल वजनाला जशीच्या तशी भरू शकते.

अमेरिकेतल्या डीथ्री-डी टोकामॅकवरची युक्ती मात्र झकास आहे. तिथे टंगस्टनचा 1 मिलिमीटरचा ठिपका आणि 1 सेंटिमीटरचा ठिपका एकाच वेळी प्लाझ्मासमोर ठेवतात. छोट्यावरून उडालेला अणू परतला तरी सहसा ठिपक्याबाहेर पडतो, म्हणून तिथली झीज एकूण झिजेच्या जवळ जाते. मोठ्यावर बरेच अणू परत ठिपक्यातच बसतात, त्यामुळे तो निव्वळ झीज दाखवतो.

टाइल किती टिकेल हे निव्वळ आकड्यावरून ठरवावं. पण निव्वळ झीज शून्य निघाली म्हणून भिंत मूळचीच राहिली असं नाही. परत बसलेला थर बोरॉन, ऑक्सिजन, ड्यूटेरियम मिसळून ठिसूळ होतो, त्याची पापुद्री सुटून धूळ बनते आणि इंधन त्यात अडकून राहतं. 1997 च्या ड्यूटेरियम-ट्रिटियम (ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन) प्रयोगांनंतर ब्रिटनमधल्या जेट टोकामॅकच्या आतल्या बाजूच्या डायव्हर्टरच्या थंड, आडोशाच्या कोपऱ्यांत ट्रिटियमने भरलेल्या कार्बनच्या अशाच पापुद्र्या सापडल्या. तो कार्बन तिथला नव्हताच. दुसरीकडून झिजून आला होता.