मनगटावरच्या हिरव्या दिव्यामागचा इतिहास

स्मार्टवॉच काढून उलटं धरलं की काचेखाली हिरवे दिवे लुकलुकताना दिसतात. त्यांच्या शेजारचा काळसर चौकोन म्हणजे फोटोडायोड. दिवा त्वचेत प्रकाश सोडतो आणि परत आलेला प्रकाश फोटोडायोड मोजतो. ठोका पडला की मनगटातलं रक्त किंचित वाढतं, जास्त प्रकाश शोषला जातो आणि परतणारा प्रकाश तेवढाच घटतो. ही घट साधारण एक-दोन टक्के, कधी त्याहूनही कमी. हात हलला तर होणारा बदल याच्या कितीतरी पट मोठा असतो. पडद्यावर दिसणारा नाडीचा आकडा थेट मोजलेला नसून गोंगाटातून वेचून काढलेला असतो, हे आधीच ध्यानात घेतलेलं बरं.

हृदयाची नोंद घेण्याचा जुना मार्ग विजेचा. विलेम आइंटहोव्हेन यांनी 1903 च्या सुमारास नेदरलँड्समधल्या लायडन इथे तयार केलेला, हृदयाची सूक्ष्म वीज नोंदवणारा गॅल्व्हानोमीटर सुमारे 270 किलोचा होता आणि तो चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसे. पुढे 1940 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत नॉर्मन होल्टर यांनी हेच काम पाठीवर घ्यायच्या, जवळपास 38 किलोच्या रेडिओसंचावर आणलं. 1982 मध्ये फिनलंडच्या पोलार कंपनीने छातीचा पट्टा आणि मनगटावरचा पडदा यांची बिनतारी जोडी विकायला काढली. छातीचा पट्टा आजही वीजच मोजतो. म्हणूनच जोराच्या व्यायामात तो घड्याळापेक्षा जास्त भरवशाचा ठरतो.

प्रकाशाचा मार्ग वेगळा. अमेरिकेतल्या सेंट लुइस इथे आलरिक हर्ट्झमन यांनी 1937-38 मध्ये दिवा आणि प्रकाश मोजणारा फोटोसेल वापरून त्वचेतल्या रक्ताची चढउतार नोंदवली. सेन्सर त्वचेला टेकलेला हवा पण दाबलेला नको, आणि तो त्वचेवर सरकता कामा नये, हे त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलं. आजच्या घड्याळांबद्दलच्या निम्म्या तक्रारी या दोन वाक्यांत मावतात.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ग्लेन मिलिकन यांनी वैमानिकांसाठी कानाला लावायचा ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र, बनवला. अडचण अशी की कानातून जाणारा प्रकाश हृदयाकडून येणाऱ्या रोहिण्यांतलं रक्त, परतीच्या शिरांतलं रक्त, कातडी असं सगळंच शोषून घेई आणि त्यातून रोहिण्यांचा वाटा वेगळा काढणं जिकिरीचं होतं.

ही गाठ सोडवली ताकुओ आओयागी यांनी, तीही दुसरंच काम करताना. टोकियोतल्या निहोन कोहदेन कंपनीत 1972 च्या सुमारास ते हृदय दर मिनिटाला किती रक्त ढकलतं हे मोजत होते. शिरेत रंगद्रव्य सोडायचं आणि ते कसं विरळ होत जातं हे कानावरच्या सेन्सरने पाहायचं, अशी ती पद्धत. पण आलेखावर नाडीच्या लहरी उमटत आणि हिशेब बिघडे. दोन तरंगलांबींचा प्रकाश वापरून त्यांनी त्या लहरी एकमेकींत विरवायचा प्रयत्न केला आणि त्यांच्या लक्षात आलं की रक्तातला ऑक्सिजन बदलला की हा मेळ मोडतो. म्हणजे जी लहर घालवायची होती तीच कामाची होती. ठोक्यागणिक बदलणारा भाग मुख्यतः रोहिण्यांचा, बाकी सगळं जवळपास स्थिर. 1974 मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला.

आजचा बोटावरचा ऑक्सिमीटर याच तत्त्वावर चालतो. 660 नॅनोमीटरचा लाल आणि 940 नॅनोमीटरचा अवरक्त दिवा आळीपाळीने पेटतो. प्रत्येकाचा बदलता भाग त्याच्या स्थिर भागाने भागायचा, मग लालचं उत्तर अवरक्तच्या उत्तराने भागायचं. या गुणोत्तराला 25 ने गुणून 110 मधून वजा केलं की ऑक्सिजनची ढोबळ टक्केवारी मिळते. प्रत्यक्ष यंत्रात सूत्राऐवजी चाचण्यांतून बेतलेला तक्ता असतो. बोट थरथरलं तर दोन्ही प्रकाश सारखेच डळमळतात, गुणोत्तर 1 कडे सरकतं आणि पडद्यावर 85 च्या आसपासचा आकडा येतो. धडधाकट दिसणाऱ्या माणसाचा आकडा 85 वर अडकला, तर आधी हात स्थिर करून बोट ऊबदार करावं आणि पुन्हा पाहावं.

मनगटावर मात्र प्रकाश आरपार जात नाही, परतलेल्यावरच भागवावं लागतं. तिथे 525 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा सोयीचा पडतो: रक्तातलं हिमोग्लोबिन तो भरपूर शोषतं आणि तो फार खोल जात नसल्याने स्नायू-कंडरांच्या हालचालीचा उपद्रव कमी होतो. उरलेला उपद्रव हाताची हालचाल टिपणाऱ्या त्वरणमापीच्या नोंदी वापरून वजा करतात. इथेच एक नेहमीची फसगत होते. धावताना पावलं मिनिटाला 165 आणि नाडी 140 असेल, तर घड्याळ कधी कधी पावलांचीच लय पकडून 165 दाखवतं. पट्टा मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, सरकणार नाही इतपत घट्ट बांधला तर हे बरंच कमी होतं. थंडीत त्वचेतलं रक्त आटतं, गडद गोंदण प्रकाश अडवतं. त्यावर पट्ट्याचा उपाय नाही.

2018 मध्ये ॲपलच्या घड्याळात वीज परतली. पाठीचा इलेक्ट्रोड एका मनगटावर आणि दुसऱ्या हाताचं बोट बाजूच्या चावीवर, 30 सेकंद. दोन हातांमधली ही जोडणी आइंटहोव्हेन यांचीच, फक्त मिठाचं पाणी गेलं.

त्वचेच्या रंगाचा प्रश्न मात्र प्रकाशाच्या मार्गाला चिकटूनच आहे. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकी रुग्णांच्या नोंदींवरून असं दिसलं की ऑक्सिमीटर 92 ते 96 टक्के दाखवत असताना रोहिणीतला ऑक्सिजन प्रत्यक्षात 88 च्या खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत 11.7 टक्के, तर गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होतं. यंत्राचा तक्ता निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन बेततात. अमेरिकी औषध प्रशासनाच्या 2013 च्या मार्गदर्शनानुसार किमान 10 जण पुरत; त्यांत गडद वर्णाचे किमान दोन किंवा 15 टक्के, यांपैकी जी संख्या मोठी ती. जानेवारी 2025 मध्ये आलेल्या नव्या मसुद्यात ही संख्या बरीच वाढवण्याचं सुचवलं आहे. तो मसुदा वैद्यकीय वापराच्या ऑक्सिमीटरसाठी आहे. तब्येत राखण्यापुरती म्हणून विकली जाणारी घड्याळं त्याच्या कक्षेबाहेर राहतात.