अळी नेमकी कशाने मेली?

पानावर बीटी फवारले, अळीने ते पान खाल्ले आणि दोन-तीन दिवसांत ती काळी पडून मेली. तिच्याकडे पाहून कोणीही म्हणेल की बीटीने तिला मारले. शंभर वर्षे आपण तसेच म्हणत आलो. बीटी म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा जिवाणू. १९०१ मध्ये जपानमध्ये शिगेताने इशिवाता यांना तो आजारी रेशीम अळ्यांमध्ये सापडला. दहाएक वर्षांनी जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत दिसला आणि थुरिंजिया या प्रांतावरून त्याला आजचे नाव मिळाले.

हा जिवाणू बीजाणू तयार करताना शेजारी प्रथिनाचा एक स्फटिकही बनवतो. अळीच्या मधल्या आतड्यातला रस अल्कधर्मी असतो, त्यात हा स्फटिक विरघळतो. मग अळीचीच पाचक विकरे त्या प्रथिनाचा नको तो भाग कापून टाकतात आणि ते घातक होते. आतड्याच्या अस्तरातल्या पेशींना चिकटून ते त्यांना भोके पाडते. अळीचे खाणे थांबते आणि ती मरते. पाठ्यपुस्तकातली हकीकत इथे संपायची. पण आतड्याला भोके पडणे आणि अळी मरणे, या दोन घटनांच्या मध्ये काय घडते?

२००६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या निकोल ब्रॉडरिक, केनेथ राफा आणि जो हँडल्समन यांनी जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळ्यांवर एक साधा प्रयोग केला. अळ्यांना प्रतिजैविके खाऊ घालून आतड्यात मुळापासून राहणारे जिवाणू नाहीसे केले आणि मग बीटी दिले. अळ्या मेल्या नाहीत. आतड्यातलाच एक एंटेरोबॅक्टर जिवाणू त्यांना परत दिला, तेव्हा बीटी पुन्हा मारू लागले. म्हणजे बीटीने फक्त भिंत फोडली, आणि अळीचा जीव घेतला तो तिच्याच पोटात निमूटपणे राहणाऱ्या जिवाणूंनी, असा निष्कर्ष निघत होता.

यावर लगेच हरकती आल्या. अळीच्या पोटात प्रतिजैविकाचा अंश उरला असेल तर तो बीटीलाही मारणारच, मग अळ्या वाचल्या त्यात नवल काय? २००९ मध्ये तंबाखूवरच्या हॉर्नवर्म अळीवर प्रयोग झाले, तिथे आतड्यातल्या जिवाणूंवाचून बीटीचे काही अडले नाही. ज्यांना हा वाद म्हणजे नुसता काथ्याकूट वाटतो त्यांच्याशी मी सहमत नाही. प्रतिजैविक दिलेले आतडे हे मुळात उद्ध्वस्त केलेले आतडे असते. तिथे काय घडते यावरून शाबूत आतड्यात काय घडत असेल ते ठरवणे अवघडच, आणि हरकतीचा रोख नेमका यावर होता.

उत्तर २०१६ मध्ये आले. इटलीतल्या संशोधकांनी स्पोडॉप्टेरा पतंगाच्या अळीत आतड्यातल्या जिवाणूंना हातच लावला नाही. त्यांनी अळीची प्रतिकारशक्ती कमी केली, तीही एकच जनुक गप्प करून. हे जनुक रक्तपेशींच्या कामाशी संबंधित आहे. शरीरात जिवाणू घुसले की अळीच्या रक्तपेशी त्यांना घेरून गाठी बनवतात आणि तिथेच त्यांचा निकाल लावतात. गाठी बनवण्याची ही ताकद घटल्यावर बीटीने मरणाऱ्या अळ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. भोकांमधून शरीराच्या पोकळीत शिरलेले आतड्यातले जिवाणू तिथे बेसुमार वाढले, आणि त्यांत सेराशिया आणि क्लॉस्ट्रिडियम यांचा वरचष्मा होता. आतड्यात असताना या दोघांनी अळीला कसलाही त्रास दिला नव्हता.

सेराशिया हे नाव लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

कीटकांना आपल्यासारखी प्रतिपिंडे बनवता येत नाहीत. तरीही सडक्या फळांवर, शेणात, साचलेल्या पाण्यात ते पिढ्यानपिढ्या जगतात. स्वीडनमध्ये हान्स बोमन यांनी १९८० च्या सुमारास एका मोठ्या रेशमी पतंगाच्या कोषातून सेक्रोपिन ही जिवाणूनाशक पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारखेच पण लहान रेणू, वेगळी केली, तेव्हा या बचावाचा पहिला ठोस धागा हाती लागला. पुढे १९९६ मध्ये फ्रान्समध्ये ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाने दाखवले की टोल नावाचे जनुक बिघडलेली फळमाशी बुरशीपुढे टिकू शकत नाही. तशाच रचनेची प्रथिने आपल्याही पेशींवर पहारा देतात हे लवकरच कळले, आणि २०११ च्या नोबेल पुरस्कारात हॉफमन यांचा वाटा होता.

आतड्यात मात्र काम जास्त नाजूक असते. रक्तात एकही जिवाणू नको, हा नियम सोपा आहे. आतड्यात जिवाणू असणारच, अन्नाबरोबर ते रोज येणारच. त्यांतला राहू द्यायचा कोणता आणि हाकलायचा कोणता? पेशी जिवाणूला ओळखतात ते त्याच्या भिंतीच्या तुकड्यांवरून, आणि ती भिंत तर निरुपद्रवी जिवाणूलाही असते. फळमाशीने यावर काढलेले उपाय मला विलक्षण वाटतात. एक म्हणजे, आतड्यातली काही प्रथिने भिंतीचे हे तुकडे कुरतडून टाकतात, म्हणजे उगाच धोक्याचा इशारा जात नाही. दुसरा उपाय दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये उलगडला. घातक जिवाणू युरॅसिल नावाचा रेणू बाहेर टाकतात. आतड्यात मुक्कामाला असलेले बहुतेक जिवाणू तो टाकत नाहीत. युरॅसिलची चाहूल लागली की आतड्याच्या पेशींमधले ड्युऑक्स हे विकर जिवाणूंना जाळणारी ऑक्सिजनची संयुगे सोडते.

याच गटाने आधी, २००८ मध्ये, याची दुसरी बाजू दाखवली होती. फळमाशीच्या आतड्यात कॉडल नावाचे प्रथिन जिवाणूनाशक पेप्टाइडांच्या निर्मितीला लगाम घालते. हा लगाम काढला तेव्हा पेप्टाइडांचा पूर आला. जास्त शस्त्रे म्हणजे जास्त सुरक्षा, असे वाटेल. झाले उलटे. संख्येने भरपूर असलेला एक निरुपद्रवी जिवाणू त्या पुरात घटला आणि एरवी कोपऱ्यात पडून असलेला ग्लुकोनोबॅक्टर माजला. आतड्याच्या पेशी मरू लागल्या, माश्याही मेल्या. बाहेरून कोणताही रोगजंतू आला नव्हता.

बुरशीची गोष्ट तर याहून चकित करणारी आहे. कीटकांना मारणारी ब्यूव्हेरिया बॅसियाना ही बुरशी तोंडावाटे जात नाही, ती कातडी भेदून आत शिरते. अगोस्टिनो बासी यांनी १८३५ मध्ये रेशीम अळ्यांचा पांढरा रोग संसर्गजन्य आहे आणि तो एका सूक्ष्मजीवामुळे होतो हे सिद्ध केले, तो सूक्ष्मजीव म्हणजे हीच बुरशी, आणि तिला नावही त्यांच्यावरूनच मिळाले. कातडीतून शिरणाऱ्या बुरशीचा आतड्याशी काय संबंध? २०१७ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी ॲनोफिलिस डासांना ही बुरशी लावली. आतड्यात जिवाणू असलेले डास लवकर मेले, जिवाणूरहित डास जास्त जगले. बुरशीचे एक विष आतड्यातल्या ड्युऑक्सचे उत्पादन कमी करते असे आढळले. पहारा ढिला पडताच आतड्यातला एक जिवाणू वाढत जातो आणि शरीराच्या पोकळीत उतरतो. तो जिवाणू होता सेराशिया मार्सेसेन्स.

डासांच्या आतड्यातले जिवाणू माणसाच्या आजारांतही हस्तक्षेप करतात. झांबियातल्या डासांमधून मिळालेला एक एंटेरोबॅक्टर डासाच्या पोटात ऑक्सिजनची तीव्र संयुगे सोडतो आणि मलेरियाचा परजीवी आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचण्याआधीच मरतो. हे २०११ मध्ये समजले. उलट, एडिस डासात सेराशिया मार्सेसेन्सचे एक प्रथिन आतड्याच्या पेशींवरचे श्लेष्मल आवरण पचवते आणि डेंग्यूच्या विषाणूला वाट करून देते.

मधमाश्यांबद्दल वाचताना मात्र मन अस्वस्थ होते. कोषातून नुकत्याच बाहेर आलेल्या कामकरी माशीच्या आतड्यात जिवाणू जवळजवळ नसतातच. पोळ्यातल्या मोठ्या माश्यांच्या सहवासातून पहिल्या काही दिवसांत ते तिला मिळतात. मोजक्याच जाती असतात, पण जगभरातल्या मधमाश्यांमध्ये त्याच आढळतात. त्यांतली एक, स्नॉडग्रासेला, आतड्याच्या भिंतीलगत थर धरून बसते. ग्लायफोसेट हे तणनाशक वनस्पतींमधल्या ज्या विकराला अडवते ते प्राण्यांमध्ये नसते, म्हणून मधमाश्यांना त्याची भीती नाही असे मानले जाई. ते विकर या जिवाणूंकडे असते. २०१८ मध्ये टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी ग्लायफोसेट दिलेल्या मधमाश्यांच्या आतड्यात पाहिले, तर स्नॉडग्रासेलाची संख्या घटलेली होती. मग त्यांनी आतड्यात जिवाणू रुजण्याच्या दिवसांतच कोवळ्या कामकरी माश्यांना ग्लायफोसेट दिले आणि त्यानंतर सेराशिया मार्सेसेन्स. ज्या माश्यांना फक्त सेराशिया दिला होता त्यांच्यापेक्षा या माश्या जास्त संख्येने मेल्या.