पॅडलबोर्डिंग आणि कयाकिंग : सोलापूर जिल्ह्यातील जलछंद

पॅडलबोर्डिंग म्हणजे रुंद, तरंगत्या फळीवर उभे राहून लांब दांड्याच्या एकाच वल्ह्याने पाणी मागे लोटत पुढे जाणे. कयाकिंगमध्ये अरुंद, लांबट नावेत पाय पुढे पसरून बसतात आणि दोन्ही टोकांना पाती असलेले वल्हे डावीकडे-उजवीकडे आळीपाळीने चालवतात. दोन्हींत ना इंजिन लागते ना शीड. पाण्यावर माणूस जातो तो स्वतःच्या खांद्यांच्या, पाठीच्या आणि कमरेच्या बळावर. सोलापूर म्हटले की दुष्काळ, ज्वारी आणि कडक ऊन आठवते. पण महाराष्ट्रातल्या सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक, उजनी, याच जिल्ह्यात आहे. या छंदाला लागणारे मोकळे पाणी इथल्या माणसाला घरापासून काही तासांच्या आत मिळते. मात्र समुद्रकिनाऱ्यावर किंवा केरळच्या खाड्यांत चालणारी साधने आणि सवयी जशाच्या तशा इथे चालत नाहीत. इथला वारा, इथला गाळ आणि इथली बाभूळ यांचा विचार करूनच साहित्य घ्यावे लागते.

उगम

कयाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट, अल्यूट आणि युपिक लोकांची शिकारीची नाव. वाहून आलेली लाकडे किंवा व्हेलची हाडे यांचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकपासून कयाकच्या शर्यती नियमित खेळांत आल्या. उभ्याने वल्हवायच्या फळीचे आजचे रूप हवाई बेटांतले. वाइकीकीच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकवणारे लोक विसाव्या शतकाच्या मध्यावर शिकाऊंवर नजर ठेवण्यासाठी फळीवर उभे राहून वल्हे मारत. २००० च्या सुमारास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या सर्फरांमुळे तो स्वतंत्र छंद म्हणून जगभर पसरला. हवा भरायच्या टणक फळ्या आल्यावर तो समुद्रापासून दूरच्या गावांतही पोहोचला, कारण फळी गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत टाकता येऊ लागली.

सोलापूरचे पाणी

भीमा नदीवरचे उजनी धरण टेंभुर्णीजवळ भीमानगर येथे आहे आणि ते १९८० मध्ये पूर्ण झाले. त्यामागच्या जलाशयाला यशवंतसागर म्हणतात. त्याची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट. त्यातला सुमारे ५४ टीएमसी साठा उपयुक्त आणि सुमारे ६३ टीएमसी मृत, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पातळीखालचा. पाण्याचा फुगवटा माढा आणि करमाळा तालुक्यांना लागून पुढे पुणे जिल्ह्यातील इंदापूर, भिगवणपर्यंत जातो आणि अहिल्यानगर जिल्ह्यालाही स्पर्श करतो. पाऊस पडतो सह्याद्रीत, मावळात; भरते मात्र उजनी. म्हणून सोलापुरात आभाळ कोरडे असतानाही ऑगस्टमध्ये काठ तुडुंब दिसू शकतात, आणि उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये गेली', म्हणजे उपयुक्त साठा संपून मृत साठ्याला हात लागला, ही बातमी ठरलेलीच असते. २०२४ च्या उन्हाळ्यात साठा उणे ५० टक्क्यांच्याही खाली उतरला होता.

वल्हवणाऱ्याच्या दृष्टीने या चढउताराचा अर्थ असा, की काठ कधीच एका जागी नसतो. नोव्हेंबरात जिथे नाव पाण्यात सोडली, तिथे एप्रिलमध्ये गुडघाभर गाळ असतो. उघडी पडणारी जमीन काळी, चिकट. पाय रुतला की चप्पल आत राहते. त्यामुळे उतरायला मुरमाड किंवा खडकाळ काठ शोधावा, वाट चालून बघावी आणि मगच बोर्डात हवा भरावी. पाणी उतरले की बुडालेल्या गावांच्या भिंती आणि वठलेली झाडे पृष्ठभागाच्या जवळ येतात. पळसदेवचे जुने मंदिर असेच वर येते. ते बघायला वल्हवत जाण्याचा मोह साहजिक आहे, पण उथळ पाण्यात फळीखालचा फिन, म्हणजे दिशा सरळ ठेवणारा पर, दगडाला अडकला की उभा माणूस पुढे फेकला जातो. अशा ठिकाणी गुडघ्यांवर बसूनच जावे.

सोलापूर शहराला जवळचे पाणी म्हणजे तुळजापूर रस्त्यावरचा हिप्परग्याचा तलाव, म्हणजेच एकरुख तलाव. आदिला नदी अडवून ब्रिटिश काळात, १८७१ मध्ये तो पूर्ण झाला. भरलेला असताना शिकण्यासाठी तो उजनीपेक्षा बरा, कारण पाणी आटोपशीर आहे आणि काठ नजरेच्या टप्प्यात राहतो. अक्कलकोट तालुक्यातले बोरी नदीवरचे कुरनूर धरणही चांगल्या पावसाच्या वर्षी विचारात घेण्याजोगे. विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव, ज्याला जुने लोक कंबर तलाव म्हणतात, शहरातच आहे. तिथे महापालिकेची परवानगी आणि जलपर्णीची स्थिती पाहूनच बेत करावा. सिद्धेश्वर तलाव हे ग्रामदैवताचे स्थान. तिथे हा छंद करू नये.

पंढरपूरची चंद्रभागा स्वतंत्र समजावी. तिथे कोळी बांधवांच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत आणि वारीच्या दिवसांत पात्रात जागा नसते. वाळू उपशामुळे तळाला अवचित खोल खड्डे आहेत आणि उजनीतून पाणी सोडले की प्रवाह बदलतो. नवशिक्याने वाहत्या भीमेपेक्षा साचलेले पाणीच निवडावे.

वारा आणि हंगाम

पाणी किती खोल, हा प्रश्न प्रत्येक नवखा माणूस पहिल्यांदा विचारतो. त्याने खरे तर वारा किती, हे विचारायला हवे. जलाशय काही ठिकाणी कित्येक किलोमीटर रुंद आहे. वाऱ्याला अडवायला डोंगर नाही, झाडी नाही, आणि लाट उठायला वेळ लागत नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जणांचा जीव गेला. एक जण पोहून काठाला लागला. ती बोट इंजिनावर चालणारी होती. तिच्यापेक्षा कितीतरी हलकी फळी घेऊन जाणाऱ्याने हा प्रसंग विसरू नये. एप्रिल-मेमधल्या वळवाचे ढग दुपारनंतर जमतात. सकाळी आरशासारखे दिसलेले पाणी चार वाजता ओळखू येत नाही.

ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ आणि सूर्योदयापासून साडेनऊ-दहापर्यंतची वेळ सर्वांत शांत. वारा ताशी १५ ते १८ किलोमीटरच्या वर असेल तर शिकाऊने काठावर थांबावे. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जावे, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी येतो. काठावरून पाण्याकडे वाहणारा वारा फसवा असतो. काठाजवळ तो जाणवत नाही आणि पाच मिनिटांत माणूस मध्यावर गेलेला असतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो आणि पाण्यावरून उलट फिरलेले ऊन खालूनही भाजते. पूर्ण बाह्यांचा सदरा, बांधता येणारी टोपी आणि पिण्याचे पाणी सोबत असायलाच हवे. जलाशयाचे पाणी पिऊ नये. वरच्या शहरांचे सांडपाणी त्यात येते आणि काही महिने ते हिरवेगार असते. अंगावर जखम असेल तर त्या पाण्यात उतरू नये आणि घरी आल्यावर अंघोळ करावी.

साहित्याची निवड

पहिली खरेदी लाइफ जॅकेटची. बोर्ड भाड्याचा चालेल, मित्राचा चालेल. जॅकेट आपल्या मापाचे आणि आपलेच हवे. सोलापूरकडची बहुतेक मुले विहिरीत पोहायला शिकतात, कमरेला भोपळा किंवा डबा बांधून, आणि त्यांना आपल्या पोहण्याचा अभिमान असतो. तो रास्तही आहे. पण विहिरीचा काठ चार हातांवर असतो, जलाशयाचा अर्ध्या किलोमीटरवर. दमलेला, घाबरलेला, लाटांचे पाणी तोंडात गेलेला पोहणारा तेवढे अंतर कापू शकेल याची खात्री धरू नये. वल्हवण्यासाठी ५० न्यूटन तरणशक्तीचे, बगलेजवळ मोकळे कापलेले जॅकेट घ्यावे. त्यात हात अडत नाहीत. ज्याला पोहता येत नाही त्याने १०० न्यूटनचे, मानेमागे आधार असलेले जॅकेट घ्यावे आणि एकटे जाऊ नये. पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्यांना धरून जॅकेट वर ओढून पाहावे. ते कानापर्यंत सरकले तर माप चुकले. सहलीच्या बोटीतले ढगळ, पट्टे तुटलेले केशरी जॅकेट या कामाचे नाही.

बोर्ड घ्यावा की कयाक? पाठीचे किंवा गुडघ्यांचे दुखणे असेल, लहान मूल सोबत न्यायचे असेल किंवा दूर जायचे असेल तर कयाक. फ्लॅटमध्ये राहणारा, मोटारसायकलवर किंवा एसटीने जाणारा, व्यायाम म्हणून हा छंद करू पाहणारा असेल तर हवा भरायचा बोर्ड. उजनीच्या मोकळ्या पाण्यावर उभा माणूस स्वतःच शीड होतो. वारा त्याला ढकलतो. बसलेल्याला तो त्रास कमी. म्हणून ज्याला मुख्यतः उजनीवरच जायचे आहे त्याला कयाक अधिक उपयोगी, हे स्पष्ट सांगावेसे वाटते.

हवा भरायच्या बोर्डात वरच्या आणि खालच्या थराला जोडणारे हजारो बारीक धागे असतात, त्यामुळे १२ ते १५ पीएसआय दाबाला तो लाकडासारखा टणक होतो. शिकणाऱ्यासाठी साडेदहा फूट लांब, ३२ इंच रुंद आणि ६ इंच जाड हे माप चांगले. चार इंच जाडीचे स्वस्त बोर्ड जड माणसाखाली मध्येच वाकतात आणि तोल राहत नाही. कंपनीने लिहिलेली वजनाची मर्यादा पूर्ण वापरू नये. आपले व सामानाचे वजन तिच्या दोन-तृतीयांशात बसले तर बोर्ड पाण्यावर नीट चालतो. लांब पल्ल्यासाठी साडेअकरा ते साडेबारा फुटांचे, टोकदार नाकाचे बोर्ड सरळ जातात, पण ते पहिल्या वर्षी घेऊ नयेत.

आपल्याकडे या बोर्डाचा खरा शत्रू काटा. काठावर वेडी बाभूळ माजलेली असते आणि वाळलेले काटे गाळात उभे राहतात. बोर्ड कधीही जमिनीवर ओढू नये, जाड ताडपत्रीवर पसरून हवा भरावी, आणि चिकटवायच्या तुकड्यांची पिशवी सोबतच असावी. पायांत पातळ पण कडक तळव्याचे बूट हवेत. अनवाणी उतरणे म्हणजे जखम ओढवून घेणे.

बोर्डाचे वल्हे आपल्या उंचीपेक्षा सुमारे १५ ते २५ सेंटिमीटर उंच ठेवतात. त्याचे पाते दांड्याला किंचित वाकवून बसवलेले असते आणि तो वाक पुढच्या दिशेने राहायला हवा. बहुतेक नवखे पळीने वाढल्यासारखे उलटे धरतात. मग पाणी मागे जाण्याऐवजी वर उचलले जाते आणि खांदा दुखतो. अ‍ॅल्युमिनियमचा दांडा स्वस्त पण जड. पैसे जास्तीचे असतील तर ते बोर्डापेक्षा हलक्या वल्ह्यावर खर्च करावेत, कारण तासाभरात ते शेकडो वेळा उचलायचे असते.

कयाकमध्ये वर बसायची आणि आत बसायची असे दोन प्रकार. इथल्या उबदार पाण्याला वर बसायची योग्य: उलटली तरी आत पाणी साचत नाही, बसण्याच्या जागेतल्या छिद्रांतून ते निघून जाते आणि पुन्हा चढणे सोपे. पॉलिइथिलीनची नऊ ते बारा फुटी नाव २० ते ३० किलो भरते, म्हणजे गाडीवर कॅरिअर आणि दुसरा माणूस हवा. ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी हवेची कयाक आहे, फक्त ती वाऱ्यात लवकर भरकटते. रुंद नावेसाठी २२० ते २४० सेंटिमीटरचे वल्हे लागते. सोलापुरात हे साहित्य सहज मिळत नाही. पुण्यातल्या क्रीडा साहित्याच्या मोठ्या दुकानांत प्रत्यक्ष हाताळून घ्यावे, निदान जॅकेट तरी अंगात घालून पाहावे.

बोर्ड आणि पाय यांना जोडणारी सुरक्षादोरी साचलेल्या पाण्यावर पोटरीला बांधतात. पडल्यावर बोर्ड वाऱ्याने माणसापेक्षा वेगाने पळतो, म्हणून ती नसेल तर निघूच नये. वाहत्या पाण्यात मात्र पायाची दोरी झाडात अडकून जीव घेऊ शकते. तिथे झटक्यात सुटणारा कमरेचा पट्टा लागतो.

वल्हवणे आणि पुन्हा चढणे

बोर्डावर आधी गुडघ्यांवर बसून पाण्याची सवय करावी. उभे राहताना पाय बोर्ड उचलायच्या मधल्या मुठीच्या दोन्ही बाजूंना, गुडघे सैल, नजर क्षितिजावर. खाली पायांकडे पाहिले की तोल जातो. वल्हे पुढे लांबवून पंजांच्या बरेच पुढे पाण्यात घालावे आणि पायांशी बाहेर काढावे. दंडाने ओढू नये. धड वळले की ताकद आपोआप येते. कयाकमध्येही ताकद अशीच धडातून येते.

पडणे हा शिकण्याचाच भाग आहे, म्हणून पुन्हा चढण्याचा सराव पहिल्याच दिवशी, कमरेएवढ्या पाण्यात करावा. बोर्डाच्या मधोमध आडवे येऊन मूठ पकडावी, पाय मारत शरीर पाण्याच्या पातळीला आणावे आणि पोटावर सरकत वर यावे. उलटलेली कयाक आधी सुलटी करावी, पोटावर चढावे, वळून बसावे, मग पाय आत घ्यावेत. चढता आले नाही तरी नाव सोडून पोहत निघू नये. ती तरंगते, आणि दुरून माणसापेक्षा तीच आधी दिसते.

काठावरची माणसे आणि पक्षी

हा जलाशय आधी मासेमारांचा आणि शेतकऱ्यांचा आहे. भोई आणि कोळी कुटुंबांची जाळी पहाटे पाण्यात असतात. चिलापी, कटला यांवर त्यांचे घर चालते. तरंगणारे थर्माकोल किंवा बाटल्या दिसल्या की खाली जाळे आहे असे समजून वळसा घालावा. त्यांना विचारल्यावाचून नव्या जागी उतरू नये, कारण कुठे खोल, कुठे खोड, कुठून वारा उठतो हे त्यांना जेवढे ठाऊक असते तेवढे कोणत्याही नकाशावर नसते. पाणी ओसरेल तसे शेतकरी पंप पुढे सरकवतात. त्यांच्या पाइपांपासून आणि विशेषतः विजेच्या केबलींपासून लांब राहावे. सैल जोडाची केबल पाण्यात पडलेली असेल तर धोका जिवाचाच.

हिवाळ्यात उथळ पाण्यात रोहित पक्षी आणि पट्टकादंब उतरतात. बोर्ड आवाज न करता जातो म्हणून पक्ष्यांच्या अगदी जवळ जाता येते, आणि तेच टाळायला हवे. थवा मान वर करून चालू लागला की आपण जास्त जवळ आलो. तिथूनच मागे फिरावे. त्यांना उडवून काढलेले छायाचित्र काढण्याजोगे नसते.

जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतात. धरणाची भिंत, दरवाजे आणि सांडव्याचा परिसर निषिद्ध असतो. इतर जागी नाव उतरवण्यापूर्वी स्थानिक शाखा कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे. निघताना मार्ग आणि परतीची वेळ काठावरच्या एका माणसाला सांगावी, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत गळ्यात ठेवावा आणि जॅकेटला शिटी बांधावी.

निगा

हवा भरलेला बोर्ड उन्हात टाकून जेवायला बसू नये. आतली हवा तापून दाब वाढतो आणि जोड उसवतात. सावली नसेल तर थोडी हवा सोडावी. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून सैल गुंडाळावा. पत्र्याच्या खोलीत किंवा गच्चीवर ठेवलेला बोर्ड सोलापूरच्या दोन उन्हाळ्यांतच डिंक सोडू लागतो, तेव्हा घरातल्या थंड कोपऱ्यात, उंदरांपासून दूर ठेवावा. प्लॅस्टिकची कयाक भिंतीला उभी टेकवू नये. उन्हाने ती वाकते. तिला कुशीवर, दोन ठिकाणी रुंद पट्ट्यांचा आधार देऊन सावलीत टांगावे. लाइफ जॅकेटचा फोम दाबल्यावर पूर्ववत फुगत नसेल तर पट्टे कितीही नवे दिसोत, ते बदलावे.