पिवळ्या-लाल कार्डांमागचे पंच

फुटबॉलमध्ये पंचाने कार्ड वर धरले की आणखी काही बोलावे लागत नाही. ही पद्धत विश्वचषकात आली १९७० साली, मेक्सिकोत. कल्पना होती केन अ‍ॅस्टन या इंग्लिश पंचांची.

अ‍ॅस्टन पेशाने शिक्षक. दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश भारतीय सैन्यात होते, लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोचले. युद्धानंतर पुन्हा मैदानावर आले. एका सामन्यात धुक्यामुळे लाइन्समनचे झेंडे दिसेनात, तेव्हा त्यांनी भडक पिवळे झेंडे करून घेतले.

मग १९६२ च्या विश्वचषकातला, २ जूनचा चिलीच्या राजधानीतला, सान्तियागोचा सामना, चिली विरुद्ध इटली. इटालियन पत्रकारांनी त्या शहराबद्दल वाट्टेल ते लिहिले होते, त्यामुळे यजमान आधीच पेटलेले. अ‍ॅस्टन यांनी इटलीच्या फेरिनीला सुरुवातीलाच बाहेर काढले, पण तो जागचा हलेना; अखेर पोलीस बोलवावे लागले. चिलीच्या लिओनेल सांचेझने ठोसा मारून इटलीच्या मास्कियोचे नाक मोडले, तरी तो मैदानातच राहिला. पुढे इटलीचा डेव्हिडही बाहेर गेला आणि चिली २-० ने जिंकली. सांचेझला मोकळे सोडल्याबद्दल अ‍ॅस्टन यांच्यावर टीका झाली, ती रास्तच होती. पण त्या दिवशी तो खेळ कोणत्याही एका पंचाला आवरला असता, असे मला वाटत नाही. विश्वचषकात त्यांनी पुन्हा शिट्टी वाजवली नाही. मायदेशात मात्र १९६३ ची एफए कपची अंतिम लढत त्यांच्याकडेच सोपवली गेली.

१९६६ च्या विश्वचषकात सगळ्या पंचांची जबाबदारी त्यांच्यावर होती. वेम्बलीवर इंग्लंड-अर्जेंटिना उपांत्यपूर्व सामना सुरू होता. जर्मन पंच क्राइटलाइन यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला बाहेर काढले. पंचांना स्पॅनिश येईना, रातीनला जर्मन. तो दुभाषी मागत उभाच राहिला. समजूत घालायला अ‍ॅस्टन स्वतः मैदानात उतरले. एवढ्यावर भागले नाही. इंग्लंडच्या चार्लटन बंधूंनाही ताकीद मिळाली होती, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून कळले!

या प्रकरणाचा विचार डोक्यात घोळत असताना ते गाडीने केन्सिंग्टन हाय स्ट्रीटवरून चालले होते. समोरचा सिग्नल पिवळ्याचा लाल झाला, आणि त्यांना तोड सापडली: पिवळे म्हणजे सांभाळून, लाल म्हणजे थांब, मैदानाबाहेर चालू लाग.

१९७० च्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही निघाले नाही. विश्वचषकातले पहिले लाल कार्ड १९७४ मध्ये तुर्की पंच बाबाजान यांनी चिलीच्या कार्लोस कास्सेलीला दाखवले. अ‍ॅस्टन यांच्या इंग्लंडमधल्या लीग सामन्यांत कार्डे यायला १९७६ साल उजाडले.