घातांक जुळवले आणि स्फोट मोजला

२ चा ‘क’ वा घात ३२ आहे, तर क किती? शाळेतला हा एका गुणाचा प्रश्न. ३२ म्हणजे २ चा पाचवा घात. दोन्हीकडे पाया एकच, म्हणून घातांकही एकच: क = ५. पेपर लिहिताना आपण इथून पटकन पुढे जातो. मला मात्र हे ‘पाया एक, तर घातांक एक’ बीजगणितातलं सगळ्यात कामाचं हत्यार वाटतं. कारण पाया म्हणून दरवेळी २ किंवा ३ असायला हवा असं थोडंच आहे? पाया मीटर असू शकतो, सेकंद असू शकतो, किलोग्रॅमही.

वेग म्हणजे मीटर भागिले सेकंद, म्हणजे मीटरचा घातांक १ आणि सेकंदाचा उणे १. आणि कितीही मीटर एकमेकांशी गुणले तरी त्यांचा सेकंद होत नाही. त्यामुळे समीकरणाच्या दोन्ही बाजूंना मीटरचे घातांक वेगळे जुळले पाहिजेत, सेकंदांचे वेगळे, किलोग्रॅमचे वेगळे.

घरी करून बघण्यासारखी गोष्ट आहे. दोऱ्याला एक कुलूप बांधा आणि दाराच्या चौकटीला टांगा. टांगलेल्या जागेपासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर अंतर ठेवा. हलकासा झोका द्या आणि २० आंदोलनं मोजा (जाऊन परत आलं की एक आंदोलन). साधारण ४० सेकंद लागतील, म्हणजे एका आंदोलनाला २ सेकंद.

हा वेळ कशावर ठरत असेल? कुलपाचं वस्तुमान, दोऱ्याची लांबी आणि गुरुत्वत्वरण (९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग). यांचे घातांक अनुक्रमे क, ख, ग धरू. उत्तर सेकंदात हवं, त्यात किलोग्रॅम कुठेच नाही; म्हणून क = ०. कुलूप जड असो की हलकं, काही फरक पडत नाही! सेकंद फक्त गुरुत्वत्वरणात आहे, तोही उणे २ घातांकाने. म्हणून −२ग = १, म्हणजे ग = उणे अर्धा. मीटर उरायला नको, म्हणून ख + ग = ०, आणि ख = अर्धा. अर्धा घातांक म्हणजे वर्गमूळ. लांबी चौपट केली की वेळ दुप्पट होणार.

समोर एक स्थिरांक मात्र उरतो, आणि त्याला एकक नसल्यामुळे तो घातांकांना दिसत नाही. तो मोजून काढायचा. १ भागिले ९.८, त्याचं वर्गमूळ ०.३२, आपले २ सेकंद भागिले ०.३२, म्हणजे साधारण ६.३. पुस्तकात तिथे पायची दुप्पट असते, ६.२८. (झोका लहान ठेवायचा तोही याचसाठी. कोनालाही एकक नाही, त्यामुळे मोठ्या झोक्याचा परिणाम या हिशेबात येतच नाही.)

आता हेच हत्यार घेऊन न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात जाऊ. १६ जुलै १९४५ रोजी तिथे पहिल्या अणुबाँबची चाचणी झाली. तीन आठवड्यांनी हिरोशिमा. स्फोटाची ऊर्जा गुप्त होती, पण आगीच्या गोळ्याचे फोटो १९४७ मध्ये खुले झाले, आणि त्यांवर अंतराची पट्टी आणि वेळ होती. केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ जेफ्री इंग्रॅम टेलर यांना ऊर्जा काढायला तेवढं पुरलं.

गोळ्याची त्रिज्या ठरवणार स्फोटाची ऊर्जा, हवेची घनता आणि उलटलेला वेळ. घातांक पुन्हा क, ख, ग. ऊर्जेत किलोग्रॅम १, मीटर २, सेकंद उणे २. घनतेत किलोग्रॅम १, मीटर उणे ३. त्रिज्या नुसती मीटरमध्ये. म्हणून:

किलोग्रॅम: क + ख = ०
मीटर: २क − ३ख = १
सेकंद: −२क + ग = ०

पहिल्यावरून ख = −क. ते दुसऱ्यात घातलं की ५क = १. म्हणजे क = १/५, ख = −१/५, ग = २/५. दोन्ही बाजूंचा पाचवा घात घेतला की ऊर्जा मोकळी होते: घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले वेळेचा वर्ग.

स्थिरांकाचं काय? टेलर यांनी हे सगळं पाकिटाच्या पाठीवर सोडवलं अशी गोष्ट सांगतात, पण ती त्यांच्या कष्टांवर अन्याय करते. १९४१ मध्येच, बाँब अस्तित्वात यायच्या आधी, त्यांनी स्फोटलहरींची अवघड समीकरणं सोडवून ठेवली होती आणि हवेसाठी हा स्थिरांक १ च्या जवळपास येतो हे दाखवलं होतं. त्यामुळे आपण १ धरू शकतो.

त्यांच्या तक्त्यात २५ मिलिसेकंदाला त्रिज्या १३० मीटर आहे. घनता १.२५ किलोग्रॅम प्रति घनमीटर. ऊर्जा येते ७४ लाख कोटी ज्यूल. एक किलोटन टीएनटी (एक स्फोटक) म्हणजे सुमारे ४.२ लाख कोटी ज्यूल, तेव्हा हे झाले साधारण १८ किलोटन. सगळे फोटो वापरून टेलर यांनी १९५० मध्ये छापलेला आकडा १६.८ होता. बाँबच्या ऊर्जेच्या अलीकडच्या फेरतपासणीत आकडा सुमारे २५ आला आहे.

एवढी तफावत का पडू शकते, तेही घातांकच सांगतो. १३० च्या जागी १४० मीटर वाचलं, तर पाचव्या घातामुळे ऊर्जा जवळपास दीडपट होते. म्हणून एका फोटोवर विसंबून चालत नाही, आणि वेळेचा घातांक खरंच २/५ आहे का हे आधी तपासावं लागतं. तक्त्यात १.९३ मिलिसेकंदाला त्रिज्या ४८.७ मीटर आहे आणि ६२ मिलिसेकंदाला १८५. वेळ झाली ३२ पट. ३२ म्हणजे आपला तोच २ चा पाचवा घात; त्याचं पाचवं मूळ २, आणि २ चा वर्ग ४. त्रिज्या चौपट, म्हणजे १९५ मीटर, व्हायला हवी होती. फोटोत ती १८५ भरते.