गिअर स्लिप होतोय? स्क्रू पिळायच्या आधी हे वाचा

पावसाळा संपला की आपल्या सायकलच्या दुकानात रोजची तक्रार, "दादा, गिअर स्लिप होतोय." नेमकं काय होतंय विचारलं की मात्र दहा जण दहा गोष्टी सांगतात, आणि सगळी मेख तिथेच आहे, कारण गिअर सटकतो कसा यावरूनच बिघाड कुठे ते कळतं.

गोळेवाडीच्या पुढे सिंहगडचा चढ लागला, उभं राहून जोर दिला की खटकन पाय खाली जातो, पण सपाटीला काहीच नाही, तर चेन नाहीतर कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच) झिजलीय. जोर नसतानाच चेन शेजारच्या चकतीवर उडी मारते किंवा नुसती कटकट करत राहते, तर बहुतेक गिअरची केबल. आणि ठराविक पेडल मारली की एक झटका, परत तेवढ्याच पेडलनी दुसरा, असं असेल तर चेनची एखादी कडी जाम आहे. सायकल उलटी ठेवून पेडल हळूहळू मागे फिरवा, डिरेलरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा मागचा भाग) बारक्या चाकांवरून जाताना ती कडी ताठ राहते, लगेच दिसते. दोन्ही हातांनी आडवी थोडी हलवायची, तेल द्यायचं, बऱ्याचदा तेवढ्यात काम होतं.

केबलचं घरी जमण्यासारखं आहे. नवीन सायकलची केबल पहिल्या महिना-दोन महिन्यात सैल पडतेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मागच्या डिरेलरमध्ये केबल शिरते तिथे खाचा असलेली फिरकी असते (काही सायकलला ती हँडलवर, गिअर बदलायच्या शिफ्टरपाशी असते), चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुरत असेल तर ती मागून बघत घड्याळाच्या उलट फिरवा, पाव फेराच, मग पेडल मारून बघायचं, परत पाव. छोटीवर उतरायला नाटकं करत असेल तर उलट दिशेने. आज बरं आणि उद्या परत तेच होत असेल तर वेताळ टेकडीवरचा चिखल आउटरमध्ये, म्हणजे केबलच्या बाहेरच्या नळीत, जाऊन बसलाय आणि केबल आत अडकतेय, तिथे फिरकीचा उपयोग नाही, केबल आणि आउटर दोन्ही बदलायचे.

डिरेलरवर एच आणि एल लिहिलेले दोन स्क्रू दिसतील, त्यांना कृपया हात लावू नका. ते फक्त चेन दोन्ही टोकांना बाहेर पडू नये म्हणून असतात, मधला गिअर सटकतो त्याच्याशी त्यांचा काही संबंध नाही. व्हिडिओ बघून ते पिळलेल्या सायकली आमच्याकडे येतात तेव्हा चेन स्पोकमध्ये अडकलेली असते.

आता चेन. शाळेतली बारा इंची स्टीलची पट्टी घ्या, एका पिनचा मध्य शून्यावर धरा, नवीन चेनमध्ये बरोबर बारा इंचावर पिन येते. ती दीड मिलिमीटर पुढे गेली असेल तर चेन बदलायची वेळ झाली, तीन मिलिमीटर गेली असेल तर कॅसेटही गेली असं धरून चाला. मागच्या वर्षी एक काका नवीन चेन टाकून घेऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी तणतणत परत, म्हणे जुनीच बरी होती, निदान चालत तरी होती! चूक आमचीच, कॅसेटचे दाते आधी दाखवायला हवे होते. जुनी चेन आणि जुने दाते एकमेकांच्या संगतीने झिजलेले असतात, त्यांचा संसार कसाबसा चाललेला असतो, त्यात नवीन चेन आली की ती त्या दात्यांवर बसतच नाही, जोर दिला की वरून सटकते. म्हणून चेन वेळेवर बदला, कॅसेटचा खर्च बराच लांबतो. आणि हो, गंज सोडवायचा स्प्रे म्हणजे चेनचं तेल नाही.

सायकल उजव्या बाजूला पडली होती का, हेही आठवून बघा. मागे बसून बघा, डिरेलरची दोन बारकी चाकं कॅसेटच्या चकतीखाली सरळ रेषेत हवीत. आत झुकलेली दिसली तर हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो तुकडा, वाकलाय, अशा सायकलला सगळ्यात हलका गिअर टाकू नका, डिरेलर स्पोकमध्ये जाऊन चाकासकट सगळं मोडतं. हँगर आम्ही गेज लावून सरळ करतो, पण तुटलाच तर तो फेकू नका, प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, जुना तुकडा सोबत घेऊनच या.