१९७९ मध्ये स्कॉटलंड ‘नको’ म्हणालं होतं?

स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “१९७९ मध्ये साधी विधानसभा देऊ केली होती, तीही त्यांनी नाकारली.” हे खरं नाही. १ मार्च १९७९ च्या सार्वमतात ५१.६ टक्के मतं विधानसभेच्या बाजूने पडली. विरोधकांपेक्षा सुमारे ७७ हजार जास्त. मग घोडं अडलं कुठे? अटीत. सत्ताधारी मजूर पक्षाचेच खासदार जॉर्ज कनिंगहॅम यांनी कायद्यात पाचर मारून ठेवली होती: नुसतं बहुमत पुरणार नाही, नोंदलेल्या एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांनी ‘हो’ म्हटलं पाहिजे. मतदान झालं सुमारे ६४ टक्के, त्यामुळे ‘हो’वाले भरले ३२.९ टक्के. म्हणजे त्या दिवशी घरी चहा पीत बसलेला माणूसही ‘नको’च्या पारड्यात गेला. (हे कनिंगहॅम जन्माने स्कॉटिश, खासदार मात्र लंडनचे!)

अर्थात, सगळं स्कॉटलंड विधानसभेसाठी पेटून उठलं होतं असंही नाही. कौल निसटताच होता. १९९७ मध्ये पुन्हा सार्वमत झालं, त्यात ही अट नव्हती. तेव्हा ७४.३ टक्के ‘हो’ आले आणि १९९९ मध्ये एडिनबरात संसद भरली. २०१४ च्या सार्वमतातला ५५ टक्क्यांचा नकार खराच, पण तो पूर्ण स्वातंत्र्याला होता.